एकट्याचा माग

सोलापुरच्या पूर्व भागातून हिंडताना लहानसहान कारखान्यांच्या पाट्यांवर मालकाच्या नावाआधी ‘प्रो.’ ही अक्षरे आढळतात. आमच्याही नावाआधी तीच अक्षरे लावण्याची चाल आहे. म्हणून त्या पाट्यांशी आमचे काही नाते आहे असे आम्हांस उगाच वाटते. परंतु दोहोंत अंतर केवढे! आमचे व्याख्यान रुचले नाही तर विद्यार्थी जांभया देतात, आणि वेतन व्हावयाचे ते होतेच. त्या मालकाचे कापड बाजारास रुचले नाही तर त्याच्या राहत्या घरावर टाच येते. असे का व्हावे, याचे उत्तर शोधू जाता या शहराचा दीडशे वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो.

1860 साली आगगाडी सोलापुरास येऊन पोहोचली व हे गाव मोठी पेठ बनले. साळी, कोष्टी, मोमीन हे विणकर येथे होतेच. तेलंगणातून पोटामागे आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी त्यांत मोठी भर घातली. या विणकराच्या धंद्याची मांडणी अगदी साधी होती. राहत्या घरातच माग मांडावयाचा, सूतव्यापाऱ्याकडून उधारीने सूत आणावयाचे, कर्त्या पुरुषाने धोटा चालवावयाचा, बायकामुलांनी कांड्या भरावयाच्या आणि लुगडे विकून उधारी फेडावयाची. ज्यास बरकत आली त्याने आणखी माग घातले, चार विणकर मजुरीस ठेविले व तो कारखानदार म्हणविला जाऊ लागला. यांत करारपत्र नव्हते, भागीदार नव्हता, आणि घर व धंदा यांच्यामध्ये भिंतही नव्हती.

तशी भिंत कायद्याने बांधता येते हे सरकारास ठाऊक नव्हते असे नव्हे. 1857 च्या कंपनी कायद्याने हिंदुस्थानात मर्यादित जबाबदारीचे तत्त्व आणिले. अनेकांनी मिळून भांडवल जमवावे, आणि कंपनी बुडाल्यास प्रत्येकाचे नुकसान त्याच्या भागापुरतेच व्हावे, असा त्याचा आशय. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांची सोलापुरातील कापडगिरणी 1877 साली, ऐन दुष्काळात, सुरू झाली ती या तत्त्वाच्या छायेत. त्याच दुष्काळात, लुगड्यास गिऱ्हाईक नाही म्हणून ज्या विणकराचा माग थांबला, त्यास अशी छाया कोठली?

कायद्यास दया नव्हती असेही म्हणता येत नाही. दख्खनच्या शेतकऱ्यांस सावकारापासून वाचविण्यासाठी 1879 चा कायदा झाला, तो पुणे, सातारा व अहमदनगर यांजबरोबर सोलापूर जिल्ह्यासही लागू होता. परंतु विणकर पडला शहरवासी कारागीर! शेतकऱ्याच्या व्याख्येत तो बसत नव्हता. पुढे 1908 च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यात कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळलेली दिसतात. ही सवलत खरी. पण हत्यार हाती राहिले तरी सुतावाचून त्याने विणावे काय?

याउलट 1949 साली वरील गिरणी बंद पडली, तेव्हा 1950 च्या जानेवारीत केवळ त्या एका कंपनीकरिता वटहुकूम काढून सरकारने तिचा कारभार हाती घेतला. हजारो मजुरांच्या पोटाचा प्रश्न असल्याने यास आम्ही दोष देत नाही. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला, हेही प्रसिद्धच आहे. परंतु शंभर माग शंभर घरांत एकेक करून थांबले, तर त्यांजसाठी वटहुकूम निघत नाही. गिरणीचा भोंगा थांबला की सर्व शहरास कळते; घरातील माग थांबल्याचे शेजाऱ्यासच काय ते कळते.

येथे वाचक म्हणतील की, मग हा धंदा लोकांनी पत्करला कशाला? उत्तर असे की, भिंत नसणे हीच त्याची पत होती. या माणसाचे घर, अब्रू व शब्द ही सर्व धंद्यात गुंतलेली आहेत, हे जाणूनच व्यापारी त्यास सूत देई. शिवाय आपल्या मागावर आपण धनी, ही भावना मजुरीच्या पैशाने मोजता येत नाही. हे आम्हांस मान्य आहे. मात्र अब्रू एकट्या कर्त्याची खर्ची पडत नसे. जिने कांड्या भरल्या व जिच्या अंगावरील डाग गहाण पडला, तिला पाटीवर नाव नव्हते आणि कर्ज काढताना कोणी विचारीतही नव्हते. धंदा म्हणावयाचा एकट्याचा, जोखीम मात्र साऱ्या कुटुंबाची!

2013 च्या कंपनी कायद्याने एकट्या इसमासही कंपनी स्थापण्याची मुभा दिली. जी भिंत 1857 साली अनेकांस मिळाली ती एकट्यास मिळण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. एकट्याच्या मालकीचे दुकान काढणे तर आता फारच सोपे आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यान्वये कामगार थोडे असल्यास केवळ सूचना देऊन भागते. परंतु पाटी सोपी झाली म्हणून जबाबदारी हलकी झाली नाही. कंपनी न करिता जो एकटा मालक होतो, त्याचे घर आजही धंद्याच्या कर्जास बांधलेले आहे.

म्हणून आमच्या वाचकांच्या घरातील कोणी तरुण नोकरीचा मार्ग सोडून अशी पाटी लावू म्हणेल, तर त्यास परावृत्त करू नये. धंद्याची वही व घरखर्चाची वही पहिल्या दिवसापासून निराळ्या ठेवाव्या, आणि कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद घरातील स्त्रीस वाचून दाखवावा, एवढेच त्यास सांगावे. कायद्याने भिंत न दिली तरी इतकी समजूत घरात असू शकते. पाटीवरील ‘प्रो.’ या अक्षरांमागे किती माणसे उभी असतात, हे ती लावणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे.