न उकळलेला रस

‘प्राचीन ग्रंथात लिहिले आहे’ एवढ्यावर एखादे औषध सिद्ध मानणारे पुष्कळ, आणि तेवढ्याच कारणाने ते हसण्यावारी नेणारेही पुष्कळ. तू यूयू या चिनी संशोधक बाईंनी एक जुनी पोथी कशी वाचली, हे दोन्ही पक्षांनी पाहावे असे आम्हांला वाटते.

व्हिएतनामच्या युद्धात हिवतापाने सैनिक मरू लागले, तेव्हा चीनने १९६७ मध्ये ‘प्रकल्प ५२३’ ही गुप्त मोहीम आखली. बाई तीत १९६९ साली आल्या. त्यांच्या गटाने जुने ग्रंथ आणि वैद्य यांच्याकडून दोन हजारांवर औषधयोग जमवले व त्यांतील ६४० निवडले. चिंगहाओ ही आपल्या दवण्याच्या कुळातली वनस्पती. तिचा अर्क कधी गुण देई, कधी मुळीच नाही.

बाई पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या तातडीच्या उपचारांच्या पोथीत, चिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस प्यावा, असे सांगितले आहे. उकळण्याचा उल्लेखच नाही. चिनी काढे बहुधा उकळूनच होतात. म्हणून बाईंना ते मौन खटकले. (पाठचिकित्सा करणाऱ्यांनी हेवा करावा असे हे वाचन!) उष्णतेने गुण जात असावा, या तर्काने त्यांनी ३५ अंशांनाच उकळणारे ईथर वापरले. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्या अर्काने उंदरांच्या रक्तातील हिवतापाचे परोपजीवी पूर्ण नाहीसे केले. पुढल्या वर्षी बाईंनी व सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेतला, मगच रुग्णांना दिला. त्यातील शुद्ध द्रव्य म्हणजे आर्टेमिसिनिन. पोथी येथे केवळ साक्षीदार होती. निवाडा चाचण्यांनी केला. २०१५ च्या नोबेलच्या वेळी समितीनेही हा सन्मान पारंपरिक वैद्यकाला नसल्याचे स्पष्ट केले होते.

चुकीच्या वाचनाची किंमतही मोठी असते. १९९० च्या दशकारंभी बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत ‘फांगजी’ या औषधीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच, विषारी वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली.

सुयांचे प्रकरण याहून अवघड. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, तर नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना आराम होता. टोचण्याने बरे वाटले खरे. पण प्राचीन आकृत्यांतील त्या बिंदूंचे काय करायचे?