चौसष्टीपुढच्या आजीचं काय?

हिंगोलीतल्या सिद्धेश्वरची, शुगर असलेली सत्तरीची आजी डोळ्यांसमोर आणा. पाळी गेल्यानंतर मधुमेही बायकांत स्तनांचा कर्करोग थोडा जास्त आढळतो. मग शुगर बघताना स्तनही तपासावेत का?

पुरावा मुंबईत शोधू. टाटा मेमोरियलनं 1998 मध्ये सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास सुरू केला. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासायच्या, नुसत्या हातानं, मॅमोग्राफी नाही. निकाल 2021 मध्ये छापून आला: या कर्करोगाचे मृत्यू 15 टक्के कमी, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही, पन्नाशीपुढे मात्र जवळपास 30 टक्के, आणि तो टिकला.

खूश होण्याआधी प्रवेशाची अट वाचा हो! वय 35 ते 64. आपली आजी त्यात बसतच नाही. शुगर हा तर त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता.