बिंदुनामावली : आरक्षणाचा खरा हिशेब

राज्य शासनाच्या एखाद्या विभागाची किंवा जिल्हा परिषदेची भरतीची जाहिरात प्रसिद्ध झाली, की उमेदवारांची नजर प्रथम प्रवर्गनिहाय तक्त्याकडे जाते. एखाद्या प्रवर्गासाठी त्यात एकही जागा नसते, तर दुसऱ्यासाठी अपेक्षेहून अधिक जागा दिसतात. टक्केवारी कायद्याने निश्चित केलेली असताना असे का घडते, हा प्रश्न दर भरतीच्या वेळी उपस्थित होतो. त्याचे उत्तर कार्यालयाच्या आस्थापना शाखेतील एका नोंदवहीत असते. या नोंदवहीला बिंदुनामावली म्हणतात.

शाहू महाराजांचा आदेश

लोकसेवेत सर्व समाजघटकांना स्थान मिळावे यासाठी महाराष्ट्रात झालेला पहिला मोठा प्रयत्न कोल्हापूर संस्थानातील होय. राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले, त्या वेळी सामान्य प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदे एकाच जातीकडे होती. २६ जुलै १९०२ रोजी प्रसिद्ध झालेल्या आदेशाने रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्यात आल्या. या आदेशाचा एक भाग सहसा दुर्लक्षिला जातो. झालेल्या नेमणुकांचे विवरणपत्र प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करावे, असे त्यात बजावले होते. धोरणाबरोबर त्याचा हिशेबही मागितला गेला होता.

कायद्याची चौकट

लोकसेवेत पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गांसाठी पदे राखून ठेवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(४) ने शासनाला दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात अशा आरक्षणाला सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांची मर्यादा घातली. महाराष्ट्रात राज्य लोकसेवा आरक्षण अधिनियम, २००१ हा जानेवारी २००४ पासून अमलात आला. त्यानुसार अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती (ब) २.५, भटक्या जमाती (क) ३.५, भटक्या जमाती (ड) २, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९ असे एकूण ५२ टक्के आरक्षण ठरले. १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्क्यांची भर पडली. मराठा समाजासाठीचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द ठरविला. त्यानंतर २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा करण्यात आला आणि त्यालाही उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

जागा नव्हे, पद

टक्केवारीचे प्रत्यक्ष पदांत रूपांतर करणारे साधन म्हणजे बिंदुनामावली. संवर्गातील पदांना क्रमाने बिंदू दिले जातात आणि कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, हे आधीच ठरलेले असते. पूर्वी हा क्रम रिक्त होणाऱ्या जागांना लावला जात असे. निवृत्ती, राजीनामा, पदोन्नती अशा कारणांनी जागा रिक्त होत गेल्या, की क्रम पुढे सरकत राही आणि काही वर्षांनी प्रवर्गांचे प्रत्यक्ष प्रमाण ठरलेल्या टक्केवारीपेक्षा कमी किंवा जास्त होई.

आर. के. सबरवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी १९९५ रोजी ही पद्धत बदलली. आरक्षण रिक्त जागांवर नव्हे, तर संवर्गातील पदांवर मोजावे. सर्व बिंदू एकदा भरले, की ज्या प्रवर्गाचे पद रिक्त होईल ते त्याच प्रवर्गातून भरावे, असे न्यायालयाने सांगितले. राज्य शासनाने २९ मार्च १९९७ च्या निर्णयाने ही पद्धत स्वीकारली. म्हणूनच एखाद्या भरतीत एका प्रवर्गाला शून्य जागा असणे हा प्रत्येक वेळी अन्याय असतोच असे नाही. त्याची पदे आधीच भरलेली असू शकतात. मात्र नोंदवही चुकीची असेल, तर हेच शून्य मोठा अन्याय झाकू शकते.

चूक कोठे होते?

खुल्या जागेवर कोणत्याही प्रवर्गाचा उमेदवार गुणवत्तेने निवडला जाऊ शकतो. महिलांसाठीच्या समांतर आरक्षणातही हेच तत्त्व लागू होते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव प्रकरणात स्पष्ट केले. अशा कर्मचाऱ्याची नोंद खुल्या बिंदूवर व्हावयास हवी. ती राखीव बिंदूवर केली गेली, तर कोटा भरल्याचे कागदावर दिसते आणि त्या प्रवर्गातील दुसऱ्या उमेदवाराची संधी जाते. उलट राखीव बिंदूवरील कर्मचारी खुल्या बिंदूवर दाखविला, तर खुल्या वर्गाची जागा कमी होते.

दुसरा प्रश्न एककाचा आहे. केंद्रीय विद्यापीठांत संपूर्ण विद्यापीठाऐवजी प्रत्येक विषय विभाग हे एकक मानावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०१८ मध्ये कळविले. केंद्राच्या नामावलीत इतर मागासवर्गाचा पहिला बिंदू चौथा, अनुसूचित जातीचा सातवा आणि अनुसूचित जमातीचा चौदावा येतो. समजा, एका विद्यापीठात प्रत्येकी ३ पदांचे ६० विभाग आहेत. विद्यापीठ हे एकक धरल्यास १८० पदांत अनुसूचित जातीची २७ पदे येतात; विभाग हे एकक धरल्यास पहिल्या भरतीत या तिन्ही प्रवर्गांना एकही पद मिळत नाही. टक्केवारीला हात न लावता परिणाम पूर्णपणे बदलतो. देशभर विरोध झाल्यावर २०१९ मध्ये केंद्राने कायदा करून संस्था हेच एकक पुन्हा प्रस्थापित केले.

बिंदूवर बसलेली व्यक्ती खरी असणेही तितकेच आवश्यक आहे. अवैध जातप्रमाणपत्रावर मिळविलेली नोकरी दीर्घ सेवेच्या आधारे टिकविता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी महाराष्ट्रातील प्रकरणांत दिला. त्यानंतर २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करून मूळ राखीव पदे मोकळी करण्याचे ठरले.

नोंदवहीबाहेरील नोकरी

बिंदुनामावलीची तपासणी विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्ष करतो आणि त्यानंतरच पदांची मागणी पुढे जाते. परंतु ही तपासणी मंजूर पदांपुरतीच असते. बाह्ययंत्रणेमार्फत घेतलेले मनुष्यबळ संस्थेचे कर्मचारी ठरते. त्यांचा कोणताही बिंदू नसतो. बाह्ययंत्रणेद्वारे भरती करण्याचा सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय तीव्र विरोधामुळे पुढील महिन्यातच मागे घ्यावा लागला. नियमित पदे रिक्त ठेवून कामे कंत्राटाने करून घेतली, तर राखीव आणि खुल्या अशा दोन्ही प्रवर्गांतील उमेदवारांच्या संधी एकाच वेळी आटतात.

आरक्षणाची टक्केवारी किती असावी, यावर सभागृहांत आणि न्यायालयांत दीर्घ वाद झाले. ती टक्केवारी प्रत्यक्षात किती उतरली, हे मात्र प्रत्येक कार्यालयातील नोंदवहीच सांगू शकते. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मुळे नागरिकांना ती मागता येते. संवर्गातील मंजूर पदे, प्रत्येक बिंदूवरील नियुक्ती आणि अनुशेष ही माहिती प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध केली, तर जाहिरातीतील शून्याचा अर्थ उमेदवाराला न्यायालयाची पायरी न चढताही समजू शकेल. खातेप्रमुखांकडून दर तिमाहीला विवरणपत्र मागविणाऱ्या १९०२ च्या आदेशाचा हेतूही याहून वेगळा नव्हता.