गुलाबी द्राक्षमद्य

'रोझे' हें नांव ऐकून त्या मद्यांत गुलाबाचा अर्क असावा असें पुष्कळांस वाटतें. गुलाबपाणी म्हणून तें खिरींत घालूं जाणाराची मात्र फजितीच व्हावयाची! गुलाबाशीं त्याचें नातें केवळ रंगाचें. काळ्या द्राक्षांचाही रस बहुधा फिकाच. रंग असतो तो सालींत. साली रसांत कांहीं तासच राहिल्या तर मद्य गुलाबी होतें, कित्येक दिवस मुरल्या तर तांबडें.

ही आजची टूम नव्हे. मध्ययुगांत बोर्दोहून इंग्लंडांत जाणारें 'क्लॅरेट' असेंच फिकें असे. फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स प्रांतांत ख्रि. पू. ६०० च्या सुमारास ग्रीकांनीं मार्सेय वसवून द्राक्षवेल रुजविली. तेथें 'बुयाबेस' या माशांच्या कालवणाबरोबर रोझे थंडगार पितात. साखर घालून त्यांत नासपतीही शिजवितात; लिंबू पिळलें कीं रंग खुलतो.

पातेल्यांत मद्याची जात कोण पाहतो? पेल्यांत मात्र पाहतात. २००९ सालीं तांबडें व पांढरें मद्य मिसळून रोझे करण्यास मुभा देण्याचें युरोपीय आयोगानें योजिलें, तेव्हां प्रोव्हान्सचे मद्यकार खवळून उठले. जूनमध्यें आयोगास तो बेत सोडावा लागला. शांपेनच्या गुलाबी मद्यास मात्र ती मिसळ आजही चालते.