मराठी ब्लॉगलेखन आणि आंतरजालीय वाचकसमूह : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मराठीतील पहिले वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी प्रसिद्ध झाले. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८४८ मध्ये, गोपाळ हरि देशमुख यांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मधून 'लोकहितवादी' या टोपणनावाने पत्रे लिहिण्यास प्रारंभ केला. ही 'शतपत्रे' आज अभ्यासता येतात, कारण ती छापली गेली व पुढे ग्रंथरूपाने जपली गेली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी, बहुधा टोपणनावानेच झालेल्या मराठी ब्लॉगलेखनाविषयी मात्र असे म्हणता येत नाही. हे लेखन म्हणजे इतिहासाचे प्राथमिक साधन होय, या भूमिकेतून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

'वेबलॉग' हा शब्द १९९७ मध्ये अमेरिकेत रूढ झाला व १९९९ मध्ये 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली. मराठीत 'अनुदिनी' आणि रोजनिशीवरून 'जालनिशी' असे शब्द घडविले गेले. परंतु टिकला तो 'ब्लॉग'च. प्रारंभीची खरी अडचण लिपीची होती. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागी बसविलेले असत. त्यामुळे वाचकाच्या संगणकावर तोच फॉन्ट नसल्यास पानावर निरर्थक रोमन अक्षरे उमटत. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतंत्र संकेतांक दिला आणि त्याचा प्रसार झाल्यावरच मराठी ब्लॉगांस बहर आला. जुन्या फॉन्टमधील कित्येक पाने तो फॉन्ट मिळविल्याशिवाय आजही वाचता येत नाहीत. मोडी कागदपत्रांच्या अभ्यासकास ही अडचण परकी वाटणार नाही.

ब्लॉगांचे प्रकार अनेक : कविता व ललितलेखन, गडकोटांची भ्रमंती, पाककृती, पुस्तक-परीक्षण, तंत्रज्ञान. तथापि प्रकारांपेक्षा त्यांभोवती जमलेले समूह अधिक बोलके आहेत. अजय गल्लेवाले यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतून 'मायबोली' सुरू केली. पुढे 'मनोगत' आले. तेथे शुद्धलेखन तपासण्याची सोय होती. २००७ मध्ये 'उपक्रम' आणि तात्या अभ्यंकर यांचे 'मिसळपाव' ही स्थळे निघाली. पहिल्याचा भर माहितीपर चर्चेवर होता, तर दुसऱ्यावर गप्पांची बैठक रंगे. या समूहांनी स्वतःची बोली घडविली. चर्चा म्हणजे 'धागा', खाजगी निरोप म्हणजे 'व्यनि', नुसते वाचणारा 'रोमात' राहणारा, आणि थट्टेच्या वाक्यापुढे 'दिवे घ्या', म्हणजे 'लाइटली', अर्थात हलके घ्या! लेखाखालील प्रतिसाद गाळून केवळ लेख जतन केला, तर या शब्दांचा अर्थ पुढील अभ्यासकास लागणार नाही.

या समूहांत परदेशस्थ आणि पुण्या-मुंबईकडील सुशिक्षित वर्गाचा आवाज मोठा होता. नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी सामान्य माणसाच्या हाती आंतरजाल आले ते मुख्यतः स्मार्टफोनमधून, आणि तोपर्यंत ब्लॉगांचा बहर ओसरू लागला होता. परिणामी शेतीतील अडचणी, पेंच जंगलालगतचे जीवन, नागपुरी बोलीतील विनोद यांविषयीचे येथील लेखन व्हॉट्सअॅपच्या बंदिस्त गटांतच अधिक झाले असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तसे असेल तर उद्याच्या अभ्यासकास मराठी आंतरजाल प्रत्यक्षात होते त्याहून अधिक शहरी दिसेल.

उघड लेखनही सुरक्षित नाही. 'जिओसिटीज' २००९ मध्ये आणि 'ऑर्कुट' ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील 'इंटरनेट आर्काइव्ह' १९९६ पासून जुन्या पानांच्या प्रती ठेवीत आहे. परंतु बंदिस्त गटांपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. तेथे स्थानिक महाविद्यालयाच्या मराठी व इतिहास विभागांनाच जावे लागेल. लेखकाची लेखी संमती घ्यावी, दिनांक नोंदवावा, बोलीतील रूपे 'शुद्ध' न करता मजकूर जसाच्या तसा उतरवावा आणि त्याची छापील प्रत ग्रंथालयात दाखल करावी. संमती देणारा आपले टोपणनाव कायम ठेवू इच्छित असेल, तर तेही तसेच ठेवावे.