हिऱ्याचा दाखला

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हटले, तेव्हा मी त्यांना सांगितले की माझे शिक्षण सातवीपर्यंत, पाककृतीखेरीज मला काय लिहिता येणार? त्या म्हणाल्या, "मग तुमच्या त्या कुड्यांचे लिहा." कुड्यांची हकीकत मंडळातल्या पुष्कळ जणींना ठाऊक आहे. परंतु त्या कुड्यांपायी वर्षभर वाचनालयातून पुस्तके आणून मी जे वाचले, ते कोणाला ठाऊक नाही. म्हणून दोन्ही लिहिते.

थोरलीच्या लग्नात माझ्या आईच्या पाटल्या मोडून, त्यात भिशीचे पैसे घालून, सात सात हिऱ्यांच्या कुड्या घेतल्या. पेढी नावाजलेली होती, नाव लिहीत नाही. "हिऱ्यांचे सर्टिफिकेट आठ दिवसांत येईल, मावशी," असे तिथला माणूस म्हणाला. मी मान डोलावली. सासूबाई सोबत होत्या, त्यांनी मात्र त्याला बिलावर तसे लिहायला लावले. "सर्टि. नंतर देणे" एवढे तीन शब्द आणि खाली त्याची सही. आठ दिवसांचे तीन महिने झाले. तोवर लग्न होऊन गेले. विहीणबाईंनी एकदा सहज विचारले, "खरेच आहेत ना हो?" त्यांच्या मनात वाईट काही नसेल, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पेढीवर गेले, तर त्यांनी पेढीच्याच नावाचे एक गुळगुळीत कार्ड हातावर ठेवले आणि म्हणाले, "हॉलमार्क आहे ना दागिन्याला? मग आणखी काय पाहिजे?"

मला उत्तर देता आले नाही. मुकाट्याने घरी आले. हॉलमार्क म्हणजे नक्की काय, हे त्या दिवसापासून वाचायला लागले.

सोन्याची परीक्षा आपल्याकडे फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोन्याच्या सरकारी कारखान्याचे वर्णन आहे. त्याला दार एकच ठेवावे, काम नसलेल्याने आत पाऊल टाकू नये, कारागिरांची आत येताना आणि बाहेर जाताना झडती घ्यावी, असे त्यात लिहिले आहे. सोनार सोने कसे लांबवतात याचे पाच प्रकार दिले आहेत, त्यांत तराजूतली लबाडी पहिली. हे वाचताना मला हसू आले. गिऱ्हाइकाची काळजी तेव्हाच्या राजालाही करावी लागत होती तर! कसोटीचा दगडही त्या ग्रंथात आहे. आपण अजून माणसाला बावनकशी म्हणतो, ते त्या कसावरूनच.

परंतु कस लावणार सोनारच, आणि सांगणार सोनारच. त्याचा शब्द बाहेरच्या माणसाने तपासायचा, ही सोय इंग्लंडमध्ये 1300 साली पहिल्या एडवर्ड राजाने कायद्याने केली. चांदीचा जिन्नस तपासून त्यावर बिबट्याच्या तोंडाचा शिक्का मारायचा. पुढे 1478 पासून लंडनच्या सोनारांना आपले जिन्नस तपासणीसाठी गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये न्यावे लागू लागले. त्या हॉलमध्ये उमटणारा तो हॉलमार्क! इतके दिवस तो शब्द मी तोंडाने म्हणत होते, पण हॉल कुठला हे कधी मनात आले नव्हते.

आपल्याकडे सोन्याचा हॉलमार्क 2000 साली आला, आणि तोही ज्याला हवा त्याने घ्यावा असा. 16 जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला. 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अक्षरी-आकडी क्रमांक असल्याखेरीज असा माल विकता येत नाही. बीआयएसच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये तो क्रमांक घातला की दागिन्याची माहिती दिसते. धाकटीने तिच्या फोनवर मला दाखवले. 916 म्हणजे बावीस कॅरट, 750 म्हणजे अठरा. माझ्या कुड्यांवर 750 होते आणि ते खरेही निघाले.

पण ते सोन्याचे! हिऱ्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. त्या माणसाने मला धातूचा शिक्का दाखवून दगडाचा दाखला चुकवला होता. हे कळायला मला दोन महिने लागले. तुम्हांला लागू नयेत म्हणून येथे लिहिते आहे. आणखी एक घोटाळा सांगून ठेवते. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता आणि हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन. हिऱ्याचे पाच कॅरट मिळून एक ग्रॅम होतो. गावोगावचा कॅरट पूर्वी थोडाफार वेगळा असे. 1907 साली देशोदेशींच्या परिषदेने तो 200 मिलिग्रॅमचा ठरवला.

हिऱ्याची परीक्षा हे निराळेच प्रकरण आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत चांगल्या हिऱ्याची लक्षणे दिली आहेत. तो कशाने फुटत नाही, वजनाला हलका असतो, पाण्यावर किरणासारखा तरंगतो, असे त्यात म्हटले आहे. (आमच्या धाकटीने हे ऐकून कुडी पाण्यात टाकायला मागितली. मी दिली नाही. हिरा पाण्यात बुडतो.) अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाचा बहुतेक सारा हिरा आपल्याच देशातून जात असे. ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या मुलखात हिंडला. तिथल्या व्यापाऱ्यांची सोळाच्या आतली मुले झाडाखाली तराजू घेऊन बसत आणि आणलेला खडा पारखत, असे तो लिहितो. युरोपातले लोक हिरा दिवसा पाहतात. इकडचे मात्र रात्री, भिंतीतल्या कोनाड्यात जाड वातीचा दिवा ठेवून त्याच्या उजेडात पारखतात, हेही त्याने टिपले आहे. सौदा तर तोंडाने होतच नसे. कापडाखाली हातात हात घालून बोटांच्या दाबांनी भाव ठरायचा आणि शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नसे.

ते वाचून माझ्या मनात आले की त्या सौद्यात दोन्ही बाजूंचे हात पारख्याचे होते. माझ्यासारखी बाई त्या कापडाखाली हात घालील तर तिला काय समजणार? म्हणून तर कागद हवा.

हा कागद मात्र फार अलीकडचा. अमेरिकेत शिप्ली नावाच्या गृहस्थांनी 1931 साली रत्नशास्त्राची संस्था काढली, तीच जीआयए. 1953 साली त्या संस्थेने हिऱ्याची प्रतवारी ठरवली. रंगाला डी पासून झेड पर्यंत अक्षरे दिली. ए, बी, सी ही अक्षरे आधीच्या व्यापाऱ्यांनी वाटेल तशी वापरून ठेवली होती, म्हणून ती सोडून दिली. रंग, स्वच्छता, घाट आणि वजन अशा चार गोष्टी दाखल्यात येतात. 1954 साली हिरा कारखान्यातही बनवता आला. आता तसे हिरे दागिन्यांत सर्रास येतात. ते खोटे नव्हेत, हिरेच आहेत, पण खाणीतल्या हिऱ्यापेक्षा किमतीने पुष्कळ उतरते. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक जवाहिऱ्यालाही सांगता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. विहीणबाईंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी का नव्हते, ते आता लक्षात येईल.

सोन्याच्या हॉलमार्कसारखी हिऱ्याच्या दाखल्याची सक्ती आपल्याकडे नाही. दुकानदाराने "दाखला देत नाही" असे आधीच सांगितले, तर गोष्ट वेगळी. परंतु देतो म्हणून किंमत घेतली, तर तो दाखला आपल्या खरेदीतलाच भाग झाला. वर्णनाप्रमाणे वस्तू मिळाली पाहिजे, हे 1930 च्या मालविक्रीच्या कायद्यातही होते. पण त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढायची, वकील द्यायचा आणि वर्षे मोजायची. कुड्यांसाठी कोण करील? माझ्या आईच्या पिढीच्या बायकांना हक्क होता, फक्त दार नव्हते.

ते दार उघडायला बायकांचे हात लागले, हे मला आवर्जून सांगायचे आहे. मुंबईत 1966 साली नऊ स्त्रियांनी मिळून कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी काढली. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. तिच्या संघांत किराणा मागवून घरोघर वाटून घेण्याचे काम मुख्यतः गृहिणींनीच अंगावर घेतले. 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा आला आणि तो जुलै 2020 पासून लागू झाला. मालाच्या प्रतीविषयी खोटे सांगणे, बिल न देणे, या गोष्टी त्यात अनुचित व्यापार ठरतात. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची. लागेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेतही पाठवतो.

हे सर्व जमवून मी पेढीला पत्र लिहिले. भाषा माझी, शुद्धलेखन भाच्याचे. बिलाची प्रत जोडली. कुडीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी मी डबीत जपून ठेवली होती, तिच्यावर रंग "एफ-जी" लिहिला होता, तिचीही प्रत जोडली. पंधरा दिवसांत दाखला द्यावा, नाहीतर जिल्हा आयोगाकडे जाईन, असे लिहून रजिस्टरने धाडले. बाराव्या दिवशी फोन आला. या खेपेस मावशी नाही, "मॅडम" म्हणाले.

कुड्या प्रयोगशाळेत जाऊन आल्या. हिरे खाणीतले निघाले आणि वजनही बरोबर. रंग मात्र "आय-जे" निघाला, म्हणजे सांगितल्याहून तीन पायऱ्या खाली. जडावातल्या हिऱ्याचा रंग अंदाजानेच सांगता येतो, असे मालक म्हणाले. ते खरेही आहे, पण तीन पायऱ्यांचा अंदाज? किमतीतला फरक अठरा हजार रुपये त्यांनी परत केला. सासूबाईंचे म्हणणे, कुड्याच परत करून सगळे पैसे घ्यायला हवे होते. मी तसे केले नाही, कारण त्यात माझ्या आईच्या पाटल्या होत्या आणि मुलीने त्या घालून सप्तपदी केली होती. बरोबर केले की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. विहीणबाईंना मी दाखला दाखवला. रंगाचा तपशील त्यांनी विचारला नाही, मीही काढला नाही.

एक राहिले. हल्लीच्या बिलांची शाई वर्षभरात उडून जाते. माझ्या बिलावरचे ते तीन शब्द पेनाने लिहिलेले म्हणून राहिले, छापलेला भाग जवळजवळ कोरा झाला आहे. तरी बिल हातात पडले की त्याच दिवशी झेरॉक्स काढावी. पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे. ज्या भगिनीला उतरवून घ्यायचा असेल तिने मंगळवारी भजनानंतर वही घेऊन यावे.