मावळच्या वाटेवरची घंटी

सायकलीला घंटी कशासाठी असते, असं मी एकदा सातवीच्या वर्गात विचारलं होतं. "माणसं बाजूला व्हावीत म्हणून," असं सगळी पोरं एका सुरात म्हणाली. मलाही तोवर तसंच वाटे. पुढे एका डिसेंबरात वेल्ह्याच्या रानात माझी ही समजूत पार बदलली. त्या तालुक्याला आता सरकारने राजगड असं नाव दिलं आहे, पण तोंडात वेल्हंच येतं.

आम्ही दोघे मास्तर पुण्याहून सायकलीने निघालो होतो. नसरापुरापाशी बनेश्वरच्या वनोद्यानात दुपारची भाकरी खाल्ली. तिथलं देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, भोवती गर्द झाडी. वानरांनी आमची शिदोरी जवळजवळ लुटलीच. मुक्कामाला वेल्ह्याला गेलो आणि दुसऱ्या दिवशी घाट चढून केळदला. केळदच्या पुढे मढे घाट. 1670 साली सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने खाली कोकणात उमरठला नेला, अशी परंपरा आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे परत फिरलो. उतार होता, पायडल मारायची गरज नव्हती. चाकांचा आवाज म्हणाल तर पाचोळ्याइतका. मी पुढे होतो. एका वळणावर, मोरीच्या कठड्यावर, वीस-पंचवीस पावलांवर बिबट्या बसलेला! मी ब्रेक दाबला आणि पाय टेकला. तो माझ्याकडे बघत राहिला. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. किती वेळ गेला देव जाणे. मागून माझा मित्र वळणावर आला आणि घाबरून त्याचा अंगठा घंटीवर पडला. ट्रिंग ट्रिंग झालं, तसं ते जनावर उठलं आणि काही घाई न करता कारवीत उतरून गेलं.

खाली एक म्हातारबुवा गुरं घेऊन चालले होते. गुरांच्या गळ्यांतल्या घाट्या लांबूनच ऐकू येत होत्या. आम्ही हकिकत सांगितली. ते हसले नाहीत की घाबरलेही नाहीत.

"मास्तर, घंटी का न्हाय वाजवली?"

"बाबा, रस्त्यावर माणूसच नव्हतं."

"आवं, मानसाला कशापायी? वाघराला सांगून जावं. त्याला बी वाट सोडाया येळ लागतो."

हे ऐकल्यावर मला जुन्या गोष्टी आठवू लागल्या. टपाल माणसाच्या पायांनी जाई त्या काळी रानावाटांनी पळणाऱ्या हलकाऱ्याच्या भाल्याला किंवा काठीला घुंगरं बांधलेली असत. गावाला कळावं की टपाल आलं आणि जनावराला कळावं की माणूस येतो आहे, असा दुहेरी उपयोग. बैलांच्या घुंगूरमाळा, धनगराची घुंगुरकाठी, रात्री वाटेने जाताना मोठ्याने घातलेली साद, ही सारी एकाच कुळातली. सायकलीचं कूळ निराळं. 1885 साली इंग्लंडात स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल काढली आणि 1888 मध्ये डनलॉपने हवेची धाव आणली, त्याबरोबर वाहन वेगवान झालं आणि मुकंही झालं. मुंबईचे हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तीन पारशी तरुण 1923 ते 1928 या काळात अशाच सायकलींवर जगाला फेरी घालून आले.

पण मावळात माणूस आणि जनावर यांचं नातं नेहमीच असं समजुतीचं नव्हतं. 1630 ते 1632 च्या दुष्काळाने आणि त्याच सुमारास मुरार जगदेवाने पुणं उद्ध्वस्त केल्याने हा मुलूख ओसाड पडला, रान माजलं. पुढे जहागिरीची घडी बसवताना दादोजी कोंडदेवांनी डोंगरी लोकांना बक्षिसं देऊन लांडगे मारविले, असं जुन्या लिखाणांत सांगितलं आहे. इंग्रजी अमदानीतही वाघ-लांडग्यांच्या शिकारीवर सरकारी इनाम मिळे. आज आपल्याला ते क्रूर वाटतं. पण ज्याची एकुलती शेळी गेली त्याच्या दाराशी उभं राहून बोलावं, मग कळतं.

दुसरीकडे, त्याच स्वराज्यात झाडी राखण्याची ताकीदही होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाभोवतीची झाडी जपावी, तिची काठीही तोडू देऊ नये, असा दंडक सांगितला आहे. हेतू संरक्षणाचा, शत्रूला वाट सापडू नये. पण राजगड-तोरण्याच्या उतरणींवर जी झाडी टिकते, तिथे भेकरं आणि रानडुकरंही टिकतात, याचा विचार अमात्यांनी केला असेल-नसेल.

देवाच्या नावाने राखलेल्या रानांची गोष्ट याहून मोठी. 1970 नंतर डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या, नोंदल्या. जिथे भोवतालचा डोंगर बोडका झाला तिथेही देवराईत जुनी झाडं उभी होती. कायदा आला 1972 साली, आणि आता बिबट्याला मारणं हा गुन्हा आहे. देवराईचा धाक मात्र कायद्याच्या कितीतरी आधीचा.

भोरहून महाडला उतरताना वरंध घाटात वाघजाईचं देऊळ लागतं. त्या सफरीच्या शेवटी आम्ही तिथवर गेलो. ज्या जनावराची भीती, त्याच्याच नावाची आई करून वाटेवर बसवायची, ही आपल्या माणसांची रीत. मित्राने देवळातली घंटा वाजवली. मग बाहेर येऊन सायकलीची वाजवून पाहिली. धुळीने ती अर्धवट अडकली होती. तिथल्या भजीवाल्याकडून चमचाभर गोडं तेल मागून घेतलं, तिच्यात सोडलं आणि उतार लागण्याआधी दोघांनीही आपापल्या घंट्या नीट वाजतात ना, ते पाहून घेतलं.